ओम्नीचं मिसिंग: प्लगच्या डोक्यावरच्या नटापर्यंत पोचायला लागलेले अकरा दिवस

गाडी: मारुती ओम्नी, ७९६ सीसी, तीन सिलिंडर, कार्बोरेटर, वर एलपीजी किट. डिस्ट्रीब्यूटर (एकेका प्लगला करंट वाटणारा) आहे, पॉइंट नाहीत, इलेक्ट्रॉनिक इग्निशन (ठिणगी पाडणारी यंत्रणा) आहे. गाडीचं रोजचं काम म्हणजे सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतून चादरी-टॉवेलचे गठ्ठे उचलून गावात पोचवणं आणि आठवड्यातून दोनदा तुळजापूरची फेरी. माल भरला की साधारण ३०० किलो.

ज्यांच्याकडे डिस्ट्रीब्यूटरवाली जुनी ओम्नी किंवा ८०० आहे आणि गाडी लोडवर झटके देते (मिसिंग, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये मिश्रण न पेटणं), त्यांनी खर्च करण्याआधी १७ मेची नोंद वाचावी. वेळ असेल तर बाकीच्याही वाचाव्यात, कारण चुका त्यातच आहेत.

६ मे

तक्रार अशी: गॅसवर चौथ्या गिअरमध्ये ४५-५० च्या वेगाला ॲक्सिलरेटर दाबला की गाडी झटके देते, सायलेन्सरमधून फट्-फट् आवाज येतो. पाय सोडला की शांत. पेट्रोलवर केलं की त्रास निम्म्याने कमी. स्लोला (ॲक्सिलरेटर न दाबता) इंजिन किंचित हलतं, पण तीन सिलिंडरचं इंजिन तसंही थोडं हलतंच, म्हणून तिकडे लक्ष गेलं नाही. रिकामी गाडी गावात चालवली तर काहीच जाणवत नाही. माल भरून विजापूर रोडच्या पुलावर चढवली की लगेच जाणवतं.

पेट्रोलवर कमी आणि गॅसवर जास्त, हा इशारा पहिल्याच दिवशी समोर होता. गॅसचं मिश्रण पेटवायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेजची ठिणगी लागते, त्यामुळे इग्निशनमधली कमजोरी आधी गॅसवर उघडी पडते. आपण मात्र याचा अर्थ 'गॅसचं सेटिंग बिघडलंय' असा लावला आणि तिथूनच वाट चुकली.

७ मे

गॅरेजमध्ये एक प्लग काढून वायरला लावला, इंजिनच्या लोखंडाला टेकवून स्टार्टर मारला. ठिणगी दिसली. मिस्त्री म्हणाले, "करंट येतोय की मालक, मग इग्निशनचं काय नाय. कार्बोरेटर खोला."

कार्बोरेटर खोलला, जेट साफ केले, गास्केटचा किट टाकला. ७५० रुपये. एअर फिल्टरही बदलला, कारण गठ्ठ्यांच्या कापसाच्या तुसाने तो भरला होता. १८० रुपये. गॅसच्या मिक्सरचा स्क्रू अर्धा फेरा इकडे, अर्धा फेरा तिकडे करून पाहिला. अर्धा दिवस गेला. होटगी रोडला फेरी मारली, झटके जसेच्या तसे.

उघड्या हवेत ठिणगी दिसणं हा पुरावाच नाही. सिलिंडरमध्ये मिश्रण दाबलेलं असतं, आणि दाब जितका जास्त तितकं ठिणगी उडायला व्होल्टेज जास्त लागतं. बाहेर ०.८ मिमीची फट मरायला टेकलेली कॉइलही (ठिणगीचं व्होल्टेज तयार करणारी) ओलांडते. ॲक्सिलरेटर दाबला की सिलिंडरमध्ये मिश्रण जास्त भरतं, दाब वाढतो आणि तेव्हाच कमजोर ठिणगी मागे हटते. लोडवर झटके येण्याचं कारण हेच.

९ मे

तिन्ही प्लग काढले. पुढच्या सीटा उचलून झाकण काढलं. आत वायरींवर तूस आणि धुळीचा थर इतका होता की आधी ब्रशने झाडावं लागलं. प्लग काढण्याआधी प्लगच्या खळग्यात हवा मारायची, नाहीतर तो कचरा सिलिंडरमध्ये जातो.

प्लगच्या नंबरांत घोळ निघाला: दोन प्लगवर उष्णतेचा आकडा ५, एकावर ६. एनजीकेच्या नंबरात आकडा मोठा तितका प्लग थंड. एकाच इंजिनात दोन प्रकारचे प्लग नकोत. गाडीच्या पुस्तिकेतला नंबर बघून तीन नवे आणले, प्रत्येकी १३०, म्हणजे ३९० रुपये. फिलर गेजने फट मोजली: नव्यांची ०.८ होती, गॅससाठी ०.७ केली. प्लग हाताने शेवटपर्यंत फिरवले, मग पान्याने. ॲल्युमिनियमचं हेड आहे, वॉशर दबला की थांबायचं.

जुन्या प्लगांचा रंग पाहून काही कळलं नाही. सगळे राखाडी-पांढरे. गॅसवर चालणाऱ्या गाडीत काजळी फारशी धरत नाही, त्यामुळे मिस मारणारा प्लगही स्वच्छ दिसतो. रंगावरून काही ठरवायचं असेल तर आधी वीसेक मिनिटं पेट्रोलवर चालवून मग प्लग काढावा. एका जुन्या प्लगच्या चिनीमातीवर, लोखंडी कडेपाशी तपकिरी वलय होतं. ते पाहून 'प्लगमधून कॉम्प्रेशन लीक' असं सांगितलं जातं, पण ते हाय व्होल्टेजमुळे तेलाची वाफ आणि धूळ चिकटून आलेला डाग असतो. तो बिघाड नव्हे.

संध्याकाळी माल भरून फेरी केली. झटके गेले. काम झालं असं समजून झाकण बंद केलं. इथे दुसरी चूक झाली, पण ती आठ दिवसांनी कळली: नवे प्लग डब्यातून काढले तसेच बसवले, डोक्यावरचा नट घट्ट आहे का ते बघितलंच नाही.

१२ मे

तीन दिवसांत झटके परत. या वेळी नीट क्रमाने बघायचं ठरवलं.

सिलिंडर बॅलन्स: स्लोला एकेक वायर काढून इंजिन किती पडतं ते बघायचं. चालू सिलिंडरची वायर काढली की इंजिन लगेच दबतं, मेलेल्याची काढली तर फरक पडत नाही. करताना दोन गोष्टी पाळायच्या. वायर काढायला रबरी मुठीचा चिमटा. आणि काढलेली वायर लोंबकळत ठेवायची नाही, तिच्यात जुना प्लग घालून तो लोखंडाला टेकवून ठेवायचा. वाट नसलेलं व्होल्टेज कॉइल किंवा इग्निशन मोड्यूलच्या आत उडी मारतं, आणि ते जाळलं तर खर्च दुप्पट. गॅसचा वास येत असेल तर ही तपासणी करायचीच नाही. वास नसला तरी आधी टाकीचा व्हॉल्व्ह बंद करून, इंजिन चालवून पाइपातला गॅस संपवायचा आणि पेट्रोलवर काम करायचं.

टॅकोमीटरवर स्लो ९०० होता. एक नंबर काढला: ७१०. तीन नंबर: ७२०. दोन नंबर: ७३०. फरक नावापुरता. म्हणजे स्लोला तिन्ही सिलिंडर चालू. इथे आपण दोन नंबरला निर्दोष ठरवून टाकलं.

ते चूक होतं. स्लोला थ्रॉटल बंद असतो, दाब कमी असतो, कमजोर जोडही निभावून नेतो. ही तपासणी पूर्ण मेलेला सिलिंडर शोधते. लोडवर मरणारा तिच्यातून निसटतो.

१३ मे

कॉम्प्रेशन. तिन्ही प्लग बाहेर, कॉइलची बारीक वायर काढलेली, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला, बॅटरी चार्ज. एक: ११.५, दोन: ११.३, तीन: ११.६ किलो. तिघांत १ किलोपेक्षा कमी फरक, म्हणजे व्हॉल्व्ह आणि रिंगा ठीक. हे आधी करायला हवं होतं, पाऊण तासात अर्ध्या शंका मिटल्या असत्या.

मग ठिणगीची खरी परीक्षा. जुन्या प्लगची बाजूची वाकडी पट्टी करवतीने कापून टाकली. आता ठिणगीला मधल्या टोकापासून लोखंडी कडेपर्यंत लांब उडी मारावी लागते. त्याला जंप केबलच्या चिमट्याने इंजिनच्या लोखंडाला पकडलं. हा फुकटातला टेस्टर आहे. असली परीक्षा प्लगच्या उघड्या भोकाजवळ करायची नाही, आतून येणारी वाफ भडकते.

तिन्ही वायरींना जाड निळी ठिणगी, एकही चुकत नाही. कॉइल मोजली: प्रायमरी १.३ ओम, सेकंडरी ११.६ किलो-ओम. ठीक. इंजिन ते बॉडीची अर्थची पट्टी स्टार्टर मारताना मोजली, ०.१ व्होल्ट पडतो. ठीक.

सगळं ठीक, आणि गाडी झटके देते. इथे पाच मिनिटं थांबून विचार करायला हवा होता की या तपासणीतून काय बाहेर राहिलं. प्रत्येक वायर तिच्या प्लगवरून काढली आणि टेस्टरच्या प्लगवर लावली. म्हणजे वायर तपासली, कॉइल तपासली, रोटर (डिस्ट्रीब्यूटरमधला फिरता भाग) तपासला. पण वायर आणि तिचा स्वतःचा प्लग यांच्यातला जोड तपासणीतून आपणच काढून टाकला.

१५ मे

काल संध्याकाळी वळीव झाला. सकाळी गाडी सुरू केली तर थडथड थडथड, स्लोलाच एक सिलिंडर मेलेला. आपल्या कामाच्या दृष्टीने ही चांगली गोष्ट, कारण दोष स्वतःहून पुढे आला. लगेच वायरी काढून बघितलं: एक पडला, तीन पडला, दोन नंबरची वायर काढली तर इंजिनला पत्ताच नाही. दोन नंबर मेलेला.

टायमिंग लाइटचा (वायरमधून करंट गेला की चमकणाऱ्या दिव्याचा) चिमटा दोन नंबरच्या वायरला लावला. लाइट नियमित चमकते. त्यावरून 'ठिणगी पोचते, मग दोन नंबरला इंधनच जात नाही' असा निष्कर्ष निघाला आणि इनटेक मॅनिफोल्डच्या गास्केटला हवेची गळती शोधण्यात तीन तास गेले. गळती नव्हती. साडेदहाला ऊन चढलं, गाडी आपोआप तीनही सिलिंडरवर आली.

टायमिंग लाइट वायरमधून करंट गेला एवढंच सांगते. तो करंट प्लगच्या टोकाला उडी मारतो की रबर बूटमधून (वायरच्या टोकाला प्लगवर बसणाऱ्या रबरी टोपणातून) बाहेर पडून थेट हेडच्या लोखंडाला, हे तिला कळत नाही. सिलिंडर मेलेला आणि लाइट नियमित, ही जोडी दिसली की बूटवर संशय घ्यायचा.

१६ मे, रात्र

अंधार करून झाकण उघडं ठेवलं, पेट्रोलवर इंजिन चालू. घरातल्या फवाऱ्यात साधं पाणी घेऊन एकेका वायरवर बारीक तुषार मारले. भिजवायचं नाही, दव पडल्यासारखं. डिस्ट्रीब्यूटरवर सगळ्यात शेवटी.

एक नंबर, काही नाही. तीन नंबर, काही नाही. दोन नंबरच्या बूटवर तुषार पडले आणि बूटच्या खालच्या कडेवरून हेडपर्यंत निळी रेघ उडायला लागली, तिच्याबरोबर टिक्-टिक् आवाज आणि इंजिन लगेच दोन सिलिंडरवर. पाणी पुसलं, थांबलं. परत मारलं, परत. तीन वेळा करून खात्री केली.

दहा मिनिटांचं काम आणि खर्च शून्य. हे ७ मेला केलं असतं तर कार्बोरेटर खोलावाच लागला नसता.

१७ मे

दोन नंबरचा बूट काढला. काढताना वायर धरून ओढायची नाही. बूट थोडा डावी-उजवीकडे फिरवून सैल करायचा, मग बूट धरूनच वर घ्यायचा.

आत काय होतं:

प्लगच्या डोक्यावरचा छोटा नट सैल. पकडीने हलकेच फिरवला तर पुरते दोन फेरे आत गेला. म्हणजे ९ मेपासून, नव्या प्लगवर, तो सैलच होता. खालचे आटे काळे पडलेले.

वायरच्या टोकाची पितळी क्लिप फाकलेली, आतल्या बाजूला बारीक खड्डे आणि पांढरट-हिरवी भुकटी.

चिनीमातीवर वरून खाली पेन्सिलने ओढल्यासारखी काळी रेघ. बूटच्या आतल्या रबरावर बरोबर तिच्यासमोर तशीच रेघ. रबर दाबलं तर कडक, कडेला तडे.

आता सगळी साखळी जुळते. मुळात क्लिप सैल. त्यामुळे क्लिप आणि नट, नट आणि आटे यांच्यात बारीक फट, आणि प्रत्येक वेळी ठिणगीला प्लगच्या फटीआधी या फटी ओलांडायच्या. स्लोला जमतं, लोडवर जमत नाही. फटीत ठिणगी उडत राहिली की धातू जळतो, भुकटी होते, फट वाढते. प्लगपर्यंत जाण्यापेक्षा दुसरी वाट सोपी झाली की व्होल्टेज रबर आणि चिनीमातीच्या मधून खाली हेडकडे जायला लागतं, कार्बनची रेघ पडते. एकदा रेघ पडली की ती कायमची वाट. आधी ओल असेल तेव्हाच, नंतर कोरड्यातही. ओम्नीचं इंजिन सीटखाली कोंडलेलं असतं, त्यात सोलापूरचा मे महिना. रबर कडक व्हायला वेगळं कारण लागत नाही. वर तूस आणि धूळ, जी ओल धरून ठेवते.

नवे प्लग टाकल्यावर तीन दिवस बरं का चाललं, तेही कळलं. वायर काढून परत दाबून बसवली, क्लिप तात्पुरती पकडली, चिनीमाती कोरी होती. बूट जुनाच राहिल्यामुळे आणि नटही सैल असल्यामुळे नव्या प्लगवरही रेघ पडली. ती पुसून उपयोग नाही, पेट्रोलच्या फडक्याने वरून जाते आणि पुन्हा उमटते. आठ दिवसांचा प्लग बाद केला, नवा १३० रुपयांना.

नव्या प्लगच्या वेळी काय करायचं: षट्कोन व्हाइसमध्ये धरायचा, डोक्यावरचा नट पकडीने बेताने घट्ट करायचा. जोर लावला तर चिनीमातीला तडा जातो, आणि तो तडा डोळ्यांना दिसत नाही. मोटरसायकलच्या बऱ्याच प्लगना हा नट लागत नाही, त्यांची कॅप थेट आट्यांवर बसते. म्हणून दुकानातून प्लग घेताना नट काढून ठेवलेला नाही ना ते बघायचं. एक आणि तीन नंबरचे नटही तपासले, तीन नंबरचा पाव फेरा सैल होता.

१८ मे

वायरी मोजायच्या. आधी नेहमीसारख्या, टोकापासून टोकापर्यंत: एक नंबर ७.२ किलो-ओम, दोन ७.९, तीन ६.८, मधली (कॉइलपासून डिस्ट्रीब्यूटरपर्यंतची) ५.५. कार्बनच्या गाभ्याच्या वायरीला साधारण मीटरला १० ते २० किलो-ओम चालतं, आपल्या वायरी अर्ध्या मीटरच्या आतबाहेर, म्हणजे आकडे ठीक. याच आकड्यांवर थांबलो असतो तर दोन नंबरची वायर पास झाली असती.

मग दुसऱ्या पद्धतीने. वायर प्लगवर बसवायची, मल्टीमीटरचं एक टोक वायरच्या डिस्ट्रीब्यूटरकडच्या टोकाला, दुसरं प्लगच्या मधल्या टोकाला, जिथे ठिणगी उडते तिथे. आपले प्लग रेझिस्टरवाले आहेत, त्यांचे स्वतःचे साधारण ५ किलो-ओम असतात, ते मिळवायचे. एक नंबर १२.१, स्थिर. तीन ११.७, स्थिर. दोन नंबरची जुनी वायर, जुना प्लग, नट मुद्दाम पुन्हा तसाच सैल करून: १४ वर आली, बूट बोटाने हलवला की १९, २६, आणि मध्येच एक आकडाही नाही. हीच तपासणी जोड पकडते. मल्टीमीटर असलेल्या कुणालाही पाच मिनिटांत करता येते.

इथेच पुढची चूक. एक नंबरची वायर परत काढताना घाईत वायर धरूनच ओढली. क्लिपच्या कानापाशी गाभा तुटला, मीटर उघडं दाखवायला लागलं. चांगली वायर आपल्या हाताने गेली. आता पूर्ण सेट घ्यायलाच लागणार.

१९ मे

३२० रुपयांचा सेट आणला. ओम्नीचाच म्हणून दिला. बूट आखूड, क्लिप नटावर बसून 'टक्' आवाज येत नाही, ओढली की सहज निघते. आधी होता तोच दोष नव्या पाकिटात. शिवाय तीन नंबरची वायर इतकी लांब की एक्झॉस्टला टेकते. दुकानदाराने परत घेतला नाही. दुकानात उभं राहूनच क्लिप प्लगच्या नटावर बसवून बघायची, यापुढे प्लग खिशात घेऊनच वायर आणायची.

२१ मे

दुसरा सेट ७८० रुपये. बूट सिलिकॉनचा, मऊ. क्लिप नटावर बसताना टक् वाजते, ओढून बघितली तर जोर लागतो. प्लगवर बसवून मोजलं: १०.९, ११.४, १०.६, हलवून आकडा हलत नाही.

बूटच्या आत सिलिकॉनचं डायइलेक्ट्रिक ग्रीस, नळी १६० रुपये. मुगाच्या दाण्याएवढं, बूटच्या तोंडापाशी आतून गोल फिरवायचं. क्लिपमध्ये भरायचं नाही, ते ग्रीस वीज वाहून नेत नाही. त्याचं काम ओल बाहेर ठेवणं आणि रबर चिनीमातीला चिकटू न देणं एवढंच. साधं चाकाचं ग्रीस वापरायचं नाही, त्याने रबर फुगतं आणि धूळ धरते.

वायरी बसवताना दोन आणि तीन अदलाबदल झाल्या. या इंजिनाचा फायरिंग ऑर्डर (सिलिंडर पेटण्याचा क्रम) १-३-२. डिस्ट्रीब्यूटरच्या कॅपवर रोटर ज्या दिशेने फिरतो त्या दिशेने एकनंतर तीन आणि मग दोन असं जायचं, मनाने १-२-३ लावायचं नाही. स्टार्टर मारला तो गॅसवरच, कारण टाकीचा व्हॉल्व्ह बंद करायचा राहिला होता. कार्बोरेटरमधून जोरात बॅकफायर, एअर फिल्टरच्या झाकणाची क्लिप तुटली. ६० रुपये गेले, पण आग लागू शकली असती. वायरी बदलल्यावर पहिला स्टार्ट नेहमी पेट्रोलवर, गॅसचा व्हॉल्व्ह बंद, चेहरा बाजूला.

वायरी नीट लावल्या. मग व्हाइटनरने खुणा केल्या: कॅपवर आणि बूटवर एक ठिपका, दोन ठिपके, तीन ठिपके. वायरी काढण्याआधी ही खूण केली असती तर क्लिप वाचली असती. एक नंबर म्हणजे टायमिंग बेल्टच्या बाजूचा.

वायरी एकमेकींना चिकटू नयेत म्हणून प्लास्टिकच्या क्लिपांत बसवल्या, एक्झॉस्टपासून बोटभर लांब.

२२ मे

३०० किलो भरून तुळजापूर, गॅसवर. सोलापूरहून तुळजापूर साधारण ४५ किलोमीटर, आणि शेवटी गावाआधी बालाघाटाचा चढ. मिसिंग तपासायला आपल्या भागात याहून चांगला रस्ता नाही. सपाटीवर चौथ्या गिअरला पाय दाबून धरला, एकही झटका नाही. घाटात तिसरा गिअर, पूर्ण थ्रॉटल: दोन-तीन मिनिटांत एखादा हलका हिसका. आधीसारखा लयीत येणारा नाही, मध्येच कधीतरी.

हा फरक महत्त्वाचा. एकाच सिलिंडरचा दोष लयीत मारतो. कधी हा, कधी तो, असा बेताल हिसका आला तर तिन्ही सिलिंडरना सामाईक असलेल्या जागी बघायचं: कॉइलपासून कॅपपर्यंतची मधली वायर, तिची दोन्ही टोकं, रोटर, कॅपमधली कार्बनची गोळी.

२४ मे

मधली वायर नव्या सेटमधलीच आहे, पण ती ज्या खळग्यात बसते तो कॅपचा मधला बुरूज आतून हिरवा. १३ मेला वरवर बघितला होता, टॉर्च मारून बघितला नव्हता. खरवडून बघितलं, खाली पितळ खाल्लेलं. कॅप बदलली, २८० रुपये. नव्या कॅपची कार्बनची गोळी स्प्रिंगवर आत-बाहेर होते का ते बोटाने दाबून पाहिलं. रोटरच्या टोकावरचा थर बारीक पॉलिश पेपरने काढला, घासून टोक लहान करायचं नाही, नाहीतर तिथेच नवी फट. कॉइलच्या बाजूचा खळगा स्वच्छ निघाला.

परत तोच रस्ता, तोच माल. घाटात एकही हिसका नाही.

२५ मे, हिशोब

लागलेला खर्च: प्लग ३९०, चांगल्या वायरी ७८०, कॅप २८०, ग्रीस १६०. एकूण १,६१०.

वाया गेलेला: कार्बोरेटर ७५०, एअर फिल्टर १८०, दुसरा दोन नंबरचा प्लग १३०, पहिला वायर सेट ३२०, फिल्टर झाकणाची क्लिप ६०. एकूण १,४४०. फिल्टर घाण होता, तो कधीतरी बदलावाच लागला असता, पण या दोषाशी त्याचा संबंध नव्हता.

गाडी कामाविना उभी राहिली ते पूर्ण चार दिवस आणि दोन अर्धे. फवारा आणि अंधार, मग वायर प्लगवर ठेवून मल्टीमीटर, या क्रमाने सुरुवात केली असती तर एक संध्याकाळ पुरली असती.

१२ जून

पाऊस सुरू झाल्यावर मुद्दाम पुन्हा उघडलं. रात्रभर गाडी उघड्यावर उभी होती, सकाळी पहिल्या स्टार्टला तिन्ही सिलिंडर चालू. बॅलन्स पुन्हा केला: ९०० वरून ७१०, ७०५, ७१५.

तिन्ही बूट काढून नट पकडीने तपासले. एक आणि दोन जागेवर. तीन नंबरचा, जो १७ मेला घट्ट केला होता, तो किंचित हलला, अष्टमांश फेरा असेल. काढून बघितलं तर आटे घासलेले. नट दुसऱ्या जुन्या प्लगवरचा काढून बसवला, तो घट्ट बसला, पुन्हा मोजलं: १०.६, हलवून स्थिर. जुलैत एकदा हाच नट परत बघायचा आहे, तशी झाकणाच्या आतल्या बाजूला व्हाइटनरने तारीख लिहून ठेवली.